जंगलातील ऊन-सावली आणि फोटो

आपला चंद्रपूर-गडचिरोलीचा मुलूख जंगलाचा. साग, ऐन, मोह, तेंदू, बांबू यांची इथे दाटी. भर दुपारी या जंगलात मोबाइलने एक फोटो काढून पाहा. उन्हाचे कवडसे पांढरेफटक येतात. सावलीची जागा काळीकुट्ट होते. डोळ्यांना तर दोन्ही नीट दिसतात. मग फोटोत असे का?

डोळा उन्हाकडे वळला की बाहुली लहान होते. सावलीकडे वळला की मोठी होते. कॅमेरा बहुधा साऱ्या फोटोला उजेडाचे एकच माप लावतो. मोबाइलच्या काचेवर सावलीच्या जागी बोट टेकवा. सावली उजळते, पण ऊन फटफटीत होते. उन्हाच्या जागी बोट टेकवा. ऊन नीट येते, पण सावली काळी पडते. म्हणून माणसाचा फोटो काढताना त्याला पूर्ण सावलीत उभे करावे. अर्धे तोंड उन्हात, अर्धे सावलीत, असे नको.

ढाण्या वाघ याच ऊन-सावलीत लपतो. त्याचे काळे पट्टे बांबूच्या सावल्यांत मिसळून जातात. हरणाला तांबडा आणि हिरवा रंग वेगळा ओळखता येत नाही. माणसाला येतो. पण पहाटेच्या अंधुक उजेडात आपल्यालाही रंग कळत नाही. आणि मोहफुले वेचायला आपण जातो ते पहाटेच!

चंद्रपूर जिल्ह्यात ताडोबाचे राष्ट्रीय उद्यान १९५५ साली झाले. पूर्वी वाघ मोजायचे ते पंजाच्या ठशांवरून. आता जंगलवाटेच्या दोन्ही बाजूंना आपोआप फोटो काढणारे कॅमेरे बांधतात. दोन्ही बाजूंना कशाला? एका वाघाचे पट्टे दुसऱ्यासारखे नसतात. एकाच वाघाच्या डाव्या आणि उजव्या अंगावरचे पट्टेही सारखे नसतात. जे पट्टे वाघाला लपवतात, त्याच पट्ट्यांवरून फोटोत त्याची ओळख पटते.

ठशाचा फोटो मात्र आजही कामाचा आहे. मोहाखाली किंवा पांदणीत मोठा ठसा दिसला, तर काय करावे?

१. आधी चहूकडे पाहा. सोबत्यांना हाक मारा. ठशांच्या मागे जाऊ नका.

२. ठशाशेजारी काडेपेटी ठेवा. म्हणजे आकार कळेल.

३. मोबाइल ठशाच्या बरोबर वर धरा. आपली सावली ठशावर पडू देऊ नका.

४. सकाळचे तिरपे ऊन चांगले. खळग्यात सावली भरते आणि बोटे उठून दिसतात. दुपारी ऊन डोक्यावर असते, तेव्हा ठसा सपाट दिसतो. झाडाच्या सावलीत ठसा असेल, तर बॅटरीचा उजेड जमिनीलगत बाजूने पाडा.

५. फोटो वनरक्षकाला दाखवा आणि गावात सांगा.

कुत्र्याच्या ठशात नखे उमटतात. वाघ-बिबट्याच्या ठशात सहसा उमटत नाहीत.

मोहफुले आपल्या घरचे मीठ-मिरची चालवतात. ती सोडा असे कोण म्हणेल? पण चांगले उजाडल्यावर जा. चौघे-पाच जण मिळून जा. मोठ्याने बोलत राहा. वाकून वेचणाऱ्यांजवळ एकाने उभे राहून पहारा द्यावा. फुले तासभर थांबतील. गेलेला माणूस परत येत नाही.

सांगा पाहू :
१. दुपारी ठशाचा फोटो सपाट का येतो?
२. वाटेच्या दोन्ही बाजूंना कॅमेरे का बांधतात?
३. तुमच्या गावचे लोक मोह वेचायला किती वाजता जातात?