मे महिन्यात जॅकेट? बर्फवाल्याला विचारा

प्रश्न : मी शहागंजात राहतो आणि वाळूजच्या एका कारखान्यात सेकंड शिफ्टला जातो. म्हणजे घरातून निघायची वेळ दुपारी दोनची. गेल्या दिवाळीत मुलाने पहिल्या पगारातून मला मोटरसायकलवर घालायचं जॅकेट घेऊन दिलं. काळं आहे, खांद्या-कोपरांत आणि पाठीला आर्मर आहे. हिवाळाभर हौसेने वापरलं. एप्रिल लागला तसं खुंटीला टांगलं, कारण क्रांती चौकात सिग्नलला उभं राहिलं की आतल्या आत शिजायला होतं. मुलगा म्हणतो, ‘बाबा, उन्हाळ्यातही घालायचं, फक्त आतला बनियन भिजवून घालत जा.’ घरच्यांचं म्हणणं, ओल्या कपड्याने आणि वरून गरम वाऱ्याने आजारी पडाल. शेजारी म्हणतात, खिशात कांदा ठेवा. ४२ अंशांत जाड कपडा घालून माणूस थंड राहू शकतो, हे शास्त्रात बसतं का?
— एक वाचक, शहागंज

उत्तर : शास्त्राकडे नंतर जाऊ, आधी तुमच्या घरातून खाली उतरू. घड्याळाच्या मनोऱ्याच्या आसपास दुपारच्या वेळी सरबताची गाडी दिसली, तर तिथे बर्फाची लादी कशात गुंडाळलेली आहे ते बघा. जाड गोणपाटात. कुठे कुठे गोणपाटाखाली लाकडाचा भुसाही असतो. भर मे महिन्यात बर्फावर गोधडी, आणि तरी त्या माणसाला कुणी हसत नाही. गोणपाट काढून टाकलं तर संध्याकाळपर्यंत लादीचं पाणी झालेलं असेल, हे पोरासोरांनाही कळतं. कपडा स्वतः गरम नसतो. उष्णता जास्तीकडून कमीकडे निघाली की तो मध्ये आडवा पडतो, एवढंच त्याचं काम. हिवाळ्यात तो तुमची ऊब बाहेर जाऊ देत नाही. मे महिन्यात बाहेरचा जाळ आत येऊ देत नाही.

बर्फात आणि तुमच्यात एक फरक मात्र आहे, आणि क्रांती चौकात तुम्ही शिजता ते त्या फरकामुळेच. बर्फ आतून उष्णता तयार करत नाही, तुम्ही करता. माणूस नुसता बसून असला तरी जुन्या शंभर वॅटच्या बल्बाइतकी उष्णता त्याच्या अंगातून निघत असते. ती बाहेर गेली नाही तर गोणपाटाचा काही उपयोग नाही. म्हणून तुमच्या प्रश्नाला मी दोन उत्तरं देणार आहे : गाडी पळत असतानाचं वेगळं आणि थांबलेली असतानाचं वेगळं.

पळत्या गाडीचं आधी घेऊ. चहावर फुंकर मारली की चहा निवतो. तीच फुंकर कुल्फीवर मारून बघा, कुल्फी लवकर पाघळेल. फुंकर तीच, पण एक वस्तू श्वासापेक्षा गरम आणि दुसरी थंड. आपली त्वचा उन्हाळ्यात साधारण ३५ अंशांवर असते. हवा ३० अंशांची असेल तर वारा तुमची उष्णता घेऊन जातो, तिथे तुम्ही चहा. चिकलठाण्याच्या वेधशाळेत पारा ४२ वर गेला की तुम्ही कुल्फी. आणि वेधशाळेतला पारा सावलीतल्या पेटीत असतो, तुम्ही तापलेल्या डांबरावर असता. नगर नाक्याच्या पुढे रस्ता मोकळा होतो, गाडी साठला जाते आणि शर्टाची दोन बटणं उघडून आपण म्हणतो, ‘हां, आता बरं वाटतंय.’ बरं वाटतं ते घाम उडत असल्यामुळे. वारा एका हाताने उष्णता आत ढकलत असतो आणि दुसऱ्या हाताने घाम पळवत असतो, आणि त्या घामाचं बिल तुमच्या अंगातल्या पाण्यातून वसूल होतं. उन्हाळ्यात अंगातून तासाला लिटरभर घाम जाणं काही विशेष नाही. कोरड्या वाऱ्यात तो दिसतही नाही, कातडीवर येताच उडून जातो. ‘मला तर घामच येत नाही’ म्हणणारा माणूस वाळूजच्या गेटवर उतरतो तेव्हा त्याचं डोकं ठणकत असतं, ते यामुळे.

आपल्याकडच्या लोकांना हे शिकवायला कुणी आलं नव्हतं. मराठवाड्यातला शेतकरी भर उन्हात उघडा फिरत नाही. तो पूर्ण बाह्यांचा सदरा घालतो, डोक्याला रुमाल गुंडाळतो. औरंगपुऱ्यात दुपारी स्कूटीवरून जाणाऱ्या मुली बघा : सनकोट, हातमोजे, तोंडाला स्कार्फ, वर गॉगल. आपण त्यांना ‘डाकू’ म्हणून हसतो खरं, पण भौतिकशास्त्र त्यांच्या बाजूने आहे.

तुमचं जॅकेट काळं आहे, त्याचीही धास्ती नको. वाळवंटातले बेदुईन लोक काळे झगे का घालतात, हा प्रश्न काही शास्त्रज्ञांनी मोजमाप करून सोडवला आणि १९८० साली ‘नेचर’मध्ये छापला. काळा झगा उन्हातून जास्त उष्णता घेतो हे खरं, पण झगा सैल असल्यामुळे ती जास्तीची उष्णता कातडीपर्यंत पोहोचण्याआधीच वाऱ्याबरोबर निघून जाते. आतल्या माणसाला काळ्या-पांढऱ्याचा फरक जाणवत नाही. यातला महत्त्वाचा शब्द ‘सैल’. अंगाला चिकटलेलं काळं जॅकेट हा वेगळा मामला. नवीन घ्यायची वेळ आली तर फिकट रंगाचं घ्या. रात्री बाराला शिफ्ट सुटल्यावर ट्रकवाल्याला तुम्ही दिसाल, हा त्याचा मोठा फायदा.

आता ओला बनियन. तुमचा मुलगा बरोबर बोलतोय. एक ग्रॅम बर्फ वितळताना ८० कॅलरी उष्णता घेतो. एक ग्रॅम पाणी अंगावरून उडताना सुमारे ५८० घेतं, म्हणजे सातपट. बर्फाच्या पिशव्या जॅकेटात कोंबणाऱ्यांनी हा हिशेब एकदा करावा. सुती बनियन किंवा टी-शर्ट चांगला भिजवला की पाव लिटरच्या आसपास पाणी धरतो, आणि ते पाणी तुमच्या घामाऐवजी खर्च होतं. माठ हेच करतो, कूलर हेच करतो. तुमच्या शहरातली पाणचक्की पाहिली असेल. तिच्या मोठ्या हौदाखाली एक दालन आहे. दूरच्या डोंगरातून नहरीने आलेलं पाणी हौदात आणि त्या हौदाचा तळ म्हणजे खालच्यांच्या डोक्यावरचं छप्पर. बाहेर ऊन रणरणत असताना खाली उतरलं की अंगाला गारवा लागतो. डोक्यावर पाणी, खाली माणूस. तुमचा ओला बनियन ही त्याचीच गरिबाघरची आवृत्ती.

पण हा उपाय मुंबईच्या मेहुण्याला सांगू नका. थर्मामीटरच्या फुग्याला ओलं फडकं गुंडाळून वाऱ्यावर धरलं तर पारा जिथे थांबतो, तिथपर्यंतच पाण्याने गारवा मिळू शकतो. हवा ४२ अंश आणि आर्द्रता पंधरा-वीस टक्के, अशी आपली मे महिन्यातली कोरडी दुपार असेल तर तो पारा बावीस ते चोवीस अंशांवर येतो. मुंबईत हवा ३४ अंशांचीच, पण आर्द्रता ६५ टक्के, तर तो २८ च्या खाली जात नाही. म्हणजे वर्तमानपत्रात आठ अंशांनी गरम दिसणारं आपलं गाव ओल्या बनियनमध्ये मुंबईपेक्षा गार. मृग लागला, ढग आले, कूलर नुसता दमट वारा फेकायला लागला की समजा, बनियनचाही हंगाम संपला. तेव्हा सुती काढून घाम लवकर सोडणारा सिंथेटिक टी-शर्ट आत घालायचा.

मी हे करून पाहिलेलं आहे. निघताना बनियन बादलीत बुडवला, पिळला तो थेंब गळणार नाहीत इतपत, आणि वर जाळीचं जॅकेट चढवलं. बाबा पेट्रोल पंपापर्यंत तर चक्क काटा आला अंगावर. नगर नाका ओलांडला आणि गोलवाडीच्या आसपास छातीवरचा भाग खडखडीत. पुढचा प्रवास म्हणजे भट्टीच्या तोंडाशी बसल्यासारखा. दुसऱ्या दिवशी जाळीचं ठेवून व्हेंटच्या चेन असलेलं साधं जॅकेट घातलं. छातीवरची व्हेंट दोन बोटं उघडी, मनगटाच्या पट्ट्या किंचित सैल, पाठीवरची व्हेंट पूर्ण उघडी. वारा थोडा आत यायचा, ओलाव्यावरून फिरून मागून निघायचा. वाळूजला पोहोचलो तेव्हा पाठीकडे बनियन अजून ओलसर होता. तेव्हापासून माझं मत झालं आहे की आपल्याकडे जाळीचं जॅकेट मार्च आणि ऑक्टोबरचं. मे महिन्यातल्या दोन वाजताच्या उन्हाला आवरलेल्या व्हेंटचं बरं. दुकानदार उलट सांगेल. बंद दुकानातल्या पंख्याखाली जाळीचंच बरं वाटतं. तुमच्या जॅकेटला आत पावसाचं किंवा थंडीचं लायनर असेल तर ते मात्र आजच काढून कपाटात टाका. निम्मं शिजणं तेवढ्यानेच थांबेल.

आता थांबलेली गाडी. इथे माझ्याकडे जादू नाही. शहागंजातून सिटी चौक, पुढे क्रांती चौक, या पट्ट्यात तुम्ही चालवण्यापेक्षा थांबताच जास्त. वारा बंद, खालून इंजिनाचा जाळ, अंगाची शंभर वॅटची शेगडी चालूच, आणि भोवती जाड कपडा. ओलावा उडायला हवाच हलत नाही. म्हणून सिग्नल लागला की पुढची चेन पोटापर्यंत उघडायची, हेल्मेटची काच वर करायची, जमलं तर झाडाच्या किंवा बसच्या सावलीत उभं राहायचं. हिरवा होण्याआधी चेन वर. चेन उघडी टाकून वेगात जाणाऱ्याचं जॅकेट पडताना गळ्यापर्यंत सरकतं, मग ते घातलं काय आणि नाही काय. शक्य असेल तर वीस मिनिटं लवकर निघा म्हणजे धावपळ नको. आणि बनियन घरी न भिजवता बाटलीभर पाणी सोबत ठेवून गर्दी संपल्यावर, नगर नाक्याला, गळ्यातून आत ओता. रोज नळाला पाणी न येणाऱ्या शहरात हा सल्ला देताना मलाही कसंतरी होतं, पण अर्धा लिटर पुरतं.

एवढा खटाटोप कशासाठी, असं मनात आलं असेल तर : साधा सुती शर्ट डांबरावर घसरताना टिकतच नाही, नेहमीची जीन्स कशीबशी सेकंदभर. त्यानंतर घासलं जातं ते कातडं, आणि मे महिन्यात डांबर हात टेकवत नाही इतकं तापलेलं असतं. युरोपच्या ईएन १७०९२ या मानकात अशा कपड्यांना ट्रिपल ए, डबल ए, ए अशा श्रेणी आहेत. जॅकेटच्या आत शिवलेल्या चिठ्ठीवर ती सापडेल. आर्मरवर टी प्लस अशी खूण आहे का तेही बघा. ते आर्मर ४० अंशांतही धक्का झेलतं की नाही हे तपासलेलं असतं. मऊ फोमचे काही प्रकार उन्हाने आणखी मऊ होतात, म्हणून ही खूण आपल्या हवेत कामाची.

हेल्मेटबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण सांगतो. जाड रुमाल डोक्याला गुंडाळून वर हेल्मेट कोंबायची आपली जुनी सवय वाईट. आतलं फोम दबतं, फडकं काढल्यावर हेल्मेट डोक्यावर डुलायला लागतं. पातळ सुती टोपी किंवा एकपदरी दस्ती ओली करून घाला, टोकं कॉलरच्या आत. आयएसआय खुणेशिवायचं हेल्मेट विकायला १ जून २०२१ पासून देशात बंदी आहे. रस्त्याच्या कडेला टांगलेली ‘हलकी आणि हवेशीर’ हेल्मेटं घेताना ती खूण बघा.

कांदा खिशात ठेवायला माझी हरकत नाही, आर्मरच्या खिशात मात्र नको. बंद खिशातला कांदा उष्णता कुठे नेणार? भाकरीबरोबर खा. निघण्याआधी मीठ घातलेलं ताक किंवा लिंबू सरबत घ्या, पोहोचल्यावर पुन्हा घ्या. गाडीवर असताना चक्कर, मळमळ, किंवा भर उन्हात अंगावर शहारे आले, आणि ते ओल्या बनियनचे नाहीत हे तुमचं तुम्हाला कळेल, तर पुढच्या सावलीत थांबायचं. जॅकेट काढून पाणी ओतायचं, कुणाला तरी वारा घालायला सांगायचं. बोलणं असंबद्ध व्हायला लागलं तर तो उष्माघात. मग पाणी पाजत बसायचं नाही, अंग भिजवत राहून १०८ ला फोन करायचा. हे तुमच्यासोबत गाडीवर येणाऱ्याला आधी सांगून ठेवा. त्या अवस्थेतल्या माणसाला स्वतःचं कळत नसतं.

राहिली घरच्यांची शंका. ओल्या कपड्याने सर्दी होत नाही, ती विषाणूने होते. पण त्यांचं म्हणणं सगळंच मोडीत काढू नका. ओला बनियन आठ तास अंगावर तसाच ठेवून मशीनवर उभं राहिलात तर काखेत आणि कमरेला घामोळं, नाहीतर गजकर्ण ठरलेलं. म्हणून पिशवीत एक कोरडा बनियन, एक पंचा. कारखान्याच्या स्टँडवर पोहोचलात की आधी कपडे बदला, ओला आरशाला अडकवून वाळत टाका. रात्री बाराला सुटाल तेव्हा तो कडक वाळलेला असेल आणि छावणीतून येताना हवा इतकी निवलेली असते की भिजवायची गरज पडणार नाही. चेन मात्र गळ्यापर्यंत लावा.