मोफत द्या, पण परवान्यासह

प्रश्न : हुपरीच्या चांदी व्यापाऱ्यांसाठी हिशोबाची प्रणाली लिहिताना मी पहिली, मागची, पुढची, शेवटची नोंद दाखवणारी बटणपट्टी बनवली. ती इतर प्रोग्रामरना फुकट द्यायची आहे. नुसती फाइल पाठवली तर चालेल का? (एक वाचक, हातकणंगले)

उत्तर : नुसती फाइल पाठवू नका. भारतीय कॉपीराइट कायदा, 1957 नुसार संगणक प्रोग्राम ही साहित्यकृती मानली जाते आणि तिचा हक्क नोंदणीशिवायच निर्माण होतो. म्हणून परवाना न जोडता दिलेला कोड घेणारा बिनधास्त वापरू शकत नाही. सोबत एमआयटी परवाना जोडा. त्यात तुमचं नाव राखून कुणालाही, विकाऊ प्रणालीतसुद्धा, वापर करता येतो. बदल करून वितरण करणाऱ्यानेही कोड खुला ठेवावा असं वाटत असेल तर जीपीएल परवाना घ्या. मी स्वतः इतक्या छोट्या घटकाला एमआयटीच देईन.

त्याआधी एक पाहा : पट्टी नोकरीच्या कामात लिहिली असेल, तर वेगळा करार नसल्यास कोडचा पहिला हक्कदार तुमचा मालक ठरतो. त्याची लेखी परवानगी घ्या. ग्राहकांचा खरा डेटा सोबतच्या नमुना-नोंदींत चुकूनही जाऊ देऊ नका.

आणि मराठी नावांवर चाचणी कराच. आपल्या वर्णमालेत 'ळ' 'ह'नंतर येतो, युनिकोडमध्ये मात्र 'ल'ला लागून. क्रम नुसत्या संकेतांकावर लावला, तर 'पुढची नोंद' दाबल्यावर भलतंच नाव समोर येईल. माहितीपत्रक मराठीतही लिहा; इचलकरंजीत सुताचा हिशोब लिहिणाऱ्या नवख्या पोराला ते फार उपयोगी पडेल.