गाडीचं तोंड दाबू नका

गाडीखाली पहिला हिरवट थेंब दिसला, तेव्हा मी त्यावर चप्पल फिरवली आणि ऑफिस गाठलं. मोटारसायकल लिक्विड-कूल्ड, चार वर्षं वापरलेली. आठवड्याभरात फरशीवर डाग पडला. रेडिएटरच्या खालच्या पाइपाला थेंब लोंबत होता, म्हणजे पाइपच गेला असणार! पाइप बदलला, क्लिपा आवळल्या. दोन दिवसांनी थेंब पुन्हा हजर. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी.

रविवारी गाडीखाली आडवा झालो, तर वॉटर पंपाच्या बुडाशी खिळ्याच्या टोकाएवढं भोक दिसलं. थेंब तिथून निघून पाइपावर ओघळत होता. ओतकामातली खोट असेल, असं ठरवून मी एम-सीलची गोळी मळली आणि भोक बुजवलं. थेंब बंद झाला. कूलंटच्या बाटलीतली पातळीही रेषेवर. तीन आठवडे मी स्वतःवर भलताच खूश होतो.

एप्रिलमध्ये वाईहून पाचगणीला निघालो. पसरणी घाटात तापमानाचा लाल दिवा लागला. गाडी कडेला घेतली, बंद केली आणि हाताला रुमाल गुंडाळून रेडिएटरचं झाकण धरणार, तोच मागे थांबलेला टेम्पोवाला ओरडला, "ओ दादा, कुकर पडल्याशिवाय झाकण उघडतात का?" त्याच्यामुळे हात वाचला. तासाभराने उघडून पाहिलं, तर रेडिएटर अर्धा रिकामा, बाटली मात्र भरलेली. आणि ऑइलच्या काचेत ऑइल नव्हे, दुधाचा चहा.

त्याच टेम्पोतून गाडी वाईत उतरवली. मिस्त्रीकाकांनी एम-सील नखाने खरवडलं आणि एवढंच म्हणाले, "साहेब, हे भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. गाडी इथून बोलते."

पंपाच्या दांड्यावर दोन सील असतात. एक कूलंट अडवतं, दुसरं ऑइल. मधल्या जागेतून ते भोक बाहेर निघतं. कूलंटचं सील झिजलं, की गळती इंजिनात न जाता बाहेर टपकावी, मालकाला कळावं, यासाठी ही सोय. मी तिचं तोंड बंद केल्यावर कूलंटने दुसरी वाट धरली आणि ऑइल सील ओलांडून ते इंजिनात शिरलं. काही शे रुपयांच्या सीलचं काम साडेअकरा हजारांवर गेलं: सील, बेअरिंग, क्लच प्लेटा आणि इंजिन धुऊन निघावं म्हणून दोनदा बदललेलं ऑइल.

त्या साडेअकरा हजारांची शिकवणी अशी.

थेंब पुसू नका, आधी ओळखा. पांढऱ्या कागदावर टिपून घ्या. कूलंट रंगीत, किंचित चिकट आणि गोडसर वासाचं असतं. हे गोड प्रकरण विषारी आहे; कुत्र्या-मांजरांनी चाटलं तर जिवावर बेततं. फरशी लगेच धुवा.

मग इंजिन स्वच्छ पुसा. जेटचा फवारा रेडिएटरवर धरू नका, पात्या वाकतात. रात्री खाली पुठ्ठा पसरा आणि सकाळी, गाडी सुरू करण्याआधी बघा. काही गळत्या गार इंजिनातच दिसतात: रबर आणि धातू आकसले की क्लिपेखाली फट पडते. तापल्यावर थेंब जागीच वाळतो, मागे पांढरट-हिरवट खपली ठेवून. टॉर्च घेऊन त्या खपलीचा माग काढा. थेंब उतारावरून ओघळतो आणि चालत्या गाडीत वारा त्याला मागे ढकलतो. म्हणून ओल दिसते तिच्या वर आणि पुढे शोधा.

बाटलीच्या पातळीवर विसंबू नका. गळक्या यंत्रणेत गार होताना बाटलीतून कूलंट ओढलं जाण्याऐवजी हवा आत येते. गाडी पूर्ण गार असताना रेडिएटरचंच झाकण उघडून बघा. तापून बाटलीच्या नळीतून वाहिलं असेल, तर पाइपांआधी झाकण, पंखा आणि थर्मोस्टॅट तपासा.

तरीही सापडेना, तर प्रेशर टेस्टर असलेला मिस्त्री गाठा. गार इंजिनात तो झाकणावर छापलेल्या आकड्याइतकाच दाब भरतो, बहुतेकदा १.१ बार, आणि सुई खाली येऊ लागली की गळती बाहेर कुठे दिसते ते शोधतो. बाहेर कुठेच ओल नाही आणि तरी सुई उतरते, तर गळती आत आहे. ऑइल दुधाळ दिसलं, तर इंजिन सुरूच करू नका.

नुसतं नळाचं पाणी ओतत राहणं हा इलाज नव्हे. क्षार साठतात आणि पाणी लवकर उकळतं. निम्मं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड वॉटर हे मिश्रण उघड्यावर सुमारे १०७ अंशांना उकळतं. झाकणाचा दाब ही मर्यादा सव्वाशेच्या आसपास नेतो. झाकणाचं रबर चिरलं, की घाटातली ही सगळी सवलत संपली.

आता रोज सकाळी किल्ली लावण्याआधी मी खाली वाकून त्या भोकावर बोट फिरवतो. शेजारी विचारतात, काय शोधता? मी म्हणतो, काही बोलतेय का ते बघतो.