चॅपलेन आणि श्रवणभक्ती



आपल्या वारकऱ्यांच्या घरांतली मुले आता शिक्षणासाठी पुण्यामुंबईपुरती राहिलेली नाहीत. कोणाचा नातू अमेरिकेत आहे, कोणाची पुतणी इंग्लंडात. दिंडीत चालता चालता म्हातारी माणसे आम्हांला विचारतात, "महाराज, तिकडं लेकराला कोण आहे हो? देऊळ नाही, कीर्तन नाही, एकादशी कधी आली अन् गेली ते कळत नाही. मन उदास झालं तर त्यानं कुणापाशी जावं?" प्रश्न साधा आहे, पण आईबापांच्या काळजाचा आहे. त्याचे उत्तर असे की, तिकडच्या पुष्कळ विद्यापीठांत याच कामासाठी एक माणूस असतो. त्याला चॅपलेन म्हणतात. त्याचे काम नीट समजून घ्यावे हा या पाठाचा हेतू. शास्त्रग्रंथाच्या आरंभी अधिकारी, विषय, संबंध आणि प्रयोजन हे चार अनुबंध सांगण्याची रीत आहे. आपण सोयीसाठी विषयापासून आरंभ करू.

विषय. चॅपलेन या शब्दाच्या पोटात एक आख्यान आहे. चौथ्या शतकात मार्टिन नावाचा एक रोमन शिपाई होता. कडाक्याच्या थंडीत आमियाँ गावाच्या वेशीपाशी त्याला एक उघडा भिकारी दिसला. मार्टिनजवळ द्यायला पैसा नव्हता. त्याने तलवारीने आपल्या अंगरख्याचे दोन तुकडे केले, एक भिकाऱ्याला पांघरला, एक स्वतः पांघरला. त्या रात्री स्वप्नात येशू ख्रिस्त तोच अर्धा तुकडा पांघरून उभा दिसला, अशी कथा आहे. पुढे मार्टिन मोठा संत मानला गेला आणि फ्रँक राजांनी ते वस्त्र पूज्य म्हणून जतन केले. अशा वस्त्राला लॅटिन भाषेत 'काप्पा' म्हणत. ते सांभाळणाऱ्या धर्मसेवकांना त्यावरून 'कापेल्लानी' नाव पडले, आणि त्याचाच अपभ्रंश चॅपलेन.

पाहा, शब्दाचा उगम उपदेशात नाही, पांघरुणात आहे. आणि मार्टिनाने भिकाऱ्याला आधी "तुझा देव कोणता?" असे विचारले नव्हते.

पूर्वी विद्यापीठांतला चॅपलेन त्या त्या ख्रिस्ती पंथाचाच असे आणि त्याचे मुख्य काम प्रार्थना चालविण्याचे असे. पुढे देशोदेशींचे विद्यार्थी येऊ लागले आणि हे काम रुंदावले. वॉशिंग्टन नगरातील जॉर्जटाउन विद्यापीठाचे उदाहरण घ्या. १७८९ साली स्थापन झालेली ही संस्था कॅथलिक पंथाच्या जेझुइट साधूंची. तिने १९६८ साली ज्यू विद्यार्थ्यांसाठी रब्बी नेमला, १९९९ साली मुसलमान विद्यार्थ्यांसाठी इमाम नेमला, आणि २०१६ साली हिंदू विद्यार्थ्यांसाठी ब्रह्मचारी व्रजविहारी शरण यांची नेमणूक केली. त्याआधी २००८ साली प्रिन्स्टन विद्यापीठाने विनीत चंदर यांना हिंदू विद्यार्थ्यांसाठी नेमले होते. एखाद्या मठाने आपल्या आवारात दुसऱ्याच्या उपासनेसाठी जागा करून द्यावी, तशातला हा प्रकार आहे.

यांचा दिवस कसा जातो म्हणाल, तर व्याख्यानात थोडा आणि बैठकीत फार. परीक्षेने घाबरलेले पोर येते. घराची आठवण काढून रडणारी मुलगी येते. मैत्री तुटलेला येतो, "देव आहे की नाही?" म्हणून भांडायला येतो, आणि नुसताच चहा प्यायला येऊन तासभर काही न बोलता बसणाराही येतो. कोणी इस्पितळात पडला तर चॅपलेन भेटीला जातो. विद्यार्थी मृत्यू पावला तर त्याच्या सोबत्यांना एकत्र बसवून दिवा लावण्याचे कामही पुष्कळदा त्याच्याकडेच येते. कित्येक ठिकाणी सर्वांसाठी एक शांत खोली राखलेली असते. तिथे सकाळी कोणी ध्यान करतो, दुपारी कोणी नमाज पढतो, संध्याकाळी कोणी आरती करतो.

अधिकारी. आता हे काम करायला अधिकारी कोण? नुसता पंडित नव्हे. या शिक्षणाची एक मोठी वाट अँटन बॉइसेन नावाच्या अमेरिकन पाद्र्याने पाडली. १९२० साली त्याचे स्वतःचेच मन बिघडले आणि त्याला मनोरुग्णालयात राहावे लागले. बरा झाल्यावर त्याने तिथल्या दुःखाकडे पाठ फिरविली नाही. १९२५ साली मॅसॅच्युसेट्स प्रांतातील वूस्टरच्या मनोरुग्णालयात त्याने धर्मशास्त्राचे विद्यार्थी आणले आणि रोग्यांच्या सहवासात त्यांना शिकवू लागला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे की, ग्रंथ वाचता तसा माणूसही वाचायला शिका, कारण तो जिवंत ग्रंथ आहे. या परंपरेतून जे शिक्षण निघाले, ते आज तिकडचे पुष्कळ चॅपलेन घेतात. त्यात एक रीत अशी आहे की, दुःखी माणसाशी झालेले बोलणे आठवून शब्दशः लिहून काढायचे आणि गुरू व सहाध्यायी यांच्यासमोर वाचायचे. मग विचारतात, इथे तू मध्येच का बोललास? इथे तो रडू लागला, तेव्हा तू विषय का बदललास?

आपण ज्ञानेश्वरीचे पारायण करणारे लोक. ग्रंथाची एक ओवीही गाळायची नाही हा आपला नेम. पण समोर बसलेल्या माणसाच्या मनातले पानेच्या पाने आपण गाळतो आणि एकदम फलश्रुतीवर येतो. बॉइसेनचा पाठ तेवढ्यासाठी घेण्याजोगा आहे.

आणि हा पाठ परका आहे असेही नाही. गीतेकडे पाहा. पहिल्या अध्यायात भगवंतांच्या मुखी सबंध श्लोकही नाही, कौरव पाहून घे एवढेच ते म्हणतात. बाकी अर्जुन बोलतो आणि देव ऐकतो. दुसऱ्याच्या आरंभी भगवान दोन श्लोकांत त्याला झाडतात, दुबळेपणा टाक म्हणतात. त्याने अर्जुनाचा विषाद गेला का? गेला नाही. तो आणखी बोलला, मन आणखी उघडे केले, मी शिष्य होऊन शरण आलो आहे असे स्वतःच्या तोंडाने म्हणाला, आणि मग गप्प बसला. त्यानंतर अकराव्या श्लोकापासून खरा उपदेश सुरू होतो. पहिल्या अध्यायाचे नावच अर्जुनविषादयोग आहे. दुःख नीट ऐकून घेतले गेले, तर तोही योग होतो.

संबंध. शास्त्रात हा शब्द ग्रंथ आणि विषय यांच्या नात्यासाठी येतो. आपण येथे चॅपलेन आणि विद्यार्थी यांच्या नात्यापुरता घेऊ. हे नाते गुरुशिष्याचे नाही. चॅपलेन गुण देत नाही, शिक्षा करीत नाही. ऐकलेले तो चहाडीसारखे बाहेर नेत नाही. मात्र जिवाला धोका आहे असे दिसले, तर योग्य माणसाला कळविणे हे त्याचे कर्तव्य असते, आणि चांगला चॅपलेन हे आधीच सांगून ठेवतो. मनाचा आजार दिसला, तर तो विद्यार्थ्याला वैद्याकडे किंवा समुपदेशकाकडे पोचवितो. जपाने हाड सांधत नाही, हे त्याला ठाऊक असते. आणि सर्वांत मोठे पथ्य म्हणजे दुःखात सापडलेल्याला आपल्या धर्मात ओढायचे नाही.

एक दृष्टांत देतो. समजा, परभणीकडचा एक मुलगा अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर शिकतो आहे. हिवाळ्याचे दिवस आहेत. गावी वडील गेले. चार वाजता अग्नी द्यायचा, तेव्हा तिकडे पहाटेचे साडेपाच झालेले असतात. विमानाने पोचणे शक्य नाही. हातातल्या दूरध्वनीच्या पडद्यावर तो चिता पाहतो आणि खोलीत एकटाच बसून राहतो. सकाळी मित्र त्याला चॅपलेनकडे नेतो. ती निघाली ख्रिस्ती बाई. तिला दहावा, तेरावा काही माहीत नाही. पण ती विचारते, "बाळ, तुझ्या घरी अशा वेळी काय करतात? तुझे वडील कसे होते?" मुलगा सांगू लागतो. बाप पखवाज वाजवायचा, चाळीस वर्षे वारी चुकली नाही, गळ्यातली माळ काढली नाही. बोलता बोलता इतका वेळ अडलेले रडू फुटते. बाई मध्ये बोलत नाही. नंतर ती हिंदू चॅपलेनला बोलावते, शांत खोली उघडून देते, दोन मराठी मुले शोधून आणते. संध्याकाळी टाळ नाहीत तर टाळ्यांवर हरिपाठ होतो, आणि ती बाई दाराशी चप्पल काढून मागे बसते.

तिने त्या मुलाला काय दिले? एकही तत्त्व दिले नाही. त्याचाच विठोबा त्याच्यापाशी पोचवून दिला.

शंका. कोणी म्हणेल, ही तर धर्मांची खिचडी झाली. सगळे सारखेच, मग निष्ठा कुठे राहिली? समाधान असे. ज्याला स्वतःचे घर आहे, तोच पाहुण्याला घरी उतरवू शकतो. चांगला चॅपलेन आपल्या उपासनेत घट्ट असतो, म्हणून दुसऱ्याच्या उपासनेला भीत नाही. आपला वारकरी गळ्यात तुळशीची माळ घालून भेटणाऱ्याच्या पाया पडतो आणि जात विचारीत नाही. त्यात माळ सैल होत नाही. देहूहून निघालेली तुकोबारायांची पालखी अनगडशाह बाबांच्या दर्ग्यापाशी विसावते, तिथे आरती होते, आणि पालखी पंढरीचीच वाट धरते. याला खिचडी कोण म्हणेल?

दुसरी शंका. हार्वर्ड विद्यापीठातल्या चॅपलेन मंडळींनी २०२१ साली ग्रेग एपस्टीन यांना एकमताने अध्यक्ष निवडले, आणि ते तर देव न मानणारे आहेत. मग यात भक्ती ती कसली? समाधान. त्यांच्या मताशी आमचे पटत नाही, आणि ते झाकण्याचे कारण नाही. पण देवावरून विश्वास उडालेली मुलेही रडतात. अशा मुलाला देवळाच्या दारातून कोणी हाक मारली तर तो येणार नाही. त्याला कोणी तरी ऐकून घेतले आणि तो जगला, तर देव त्याला पुढे भेटायला मोकळा आहे. आपण नास्तिकाशी वाद करावा, पण तो सुखात असताना करावा.

प्रयोजन. आता तुम्ही म्हणाल, परदेशातली ही गोष्ट इथे कशाला? कारण पोरे इथेही एकटी आहेत. २०२२ साली आपल्या देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आपला जीव दिला, अशी सरकारी नोंद आहे, आणि राज्यांत आपला महाराष्ट्र सर्वांत पुढे होता. ज्ञानोबा-तुकोबांच्या भूमीला हा आकडा शोभत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये सांगितले की, शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत निदान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसतज्ज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असावा. ते व्हावेच. पण गावोगावच्या सप्ताहात पोराच्या समोर उभा असतो तो कीर्तनकार. कीर्तन संपते, लोक प्रसाद घेऊन पांगतात, आणि मंडपाच्या खांबाशी एखादे पोर रेंगाळत राहते. त्याला काही विचारायचे असते. आपण त्या वेळी पुढच्या गावची गाडी पाहत असतो.

नवविधा भक्तीत श्रवण पहिले. ते आपण श्रोत्यांवर सोपवून दिले आणि कीर्तन तेवढे आपल्याकडे ठेवले. देव सर्वांभूती आहे हे खरे असेल, तर त्या पोराच्या तोंडून निघणारे रडगाणेही आपल्या श्रवणाचाच विषय आहे. म्हणून कीर्तनकारांनी, विणेकऱ्यांनी आणि घरच्या वडीलधाऱ्यांनीही पुढील पाच नेम धरावेत.

१. आधी ऐकावे. त्याचे बोलणे संपेपर्यंत दृष्टांत देऊ नये.

२. "प्रारब्ध आहे", "आमच्या वेळी असं नव्हतं" ही दोन वाक्ये दुःखात पडलेल्या मुलापुढे उच्चारू नयेत. पहिल्याने तो दबतो, दुसऱ्याने तो उठून जातो.

३. ऐकलेले कीर्तनात सांगू नये, नाव गाळूनही नाही. गावाला माणूस ओळखू येतो.

४. त्या घटकेला त्याच्याकडून माळ, नेम, शपथ काही घेऊ नये. बुडत्याला आधी काठावर आणावे.

५. जगावेसे वाटत नाही असे तो म्हणाला किंवा तसे वाटले, तर "तुझ्या मनात जीव द्यायचं येतं का?" असे सरळ विचारावे. विचारल्याने ती कल्पना डोक्यात शिरत नाही, उलट कोंडलेले बाहेर पडते. मग त्याला एकटे सोडू नये, घरच्या भरवशाच्या माणसाला कळवावे, डॉक्टरकडे न्यावे. १४४१६ या क्रमांकावर 'टेली मानस' ही सरकारी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून आहे. ती चोवीस तास, विनामूल्य आणि मराठीतूनही मिळते. हा क्रमांक सप्ताहाच्या फलकावर खडूने लिहून ठेवायला काही खर्च येत नाही.

आणि ज्यांची मुले परदेशी आहेत त्यांनी त्यांना सांगावे, "बाबा रे, तुझ्या विद्यापीठात चॅपलेन आहे का बघ. तो आपल्या पंथाचा नसला तरी जा. दार वाजव. तुझा विठोबा तुझ्याजवळच राहील." पुढील सप्ताहात प्रत्येक कीर्तनकाराने कीर्तनानंतर अर्धा तास मंडपातच बसून राहावे, एवढी आमची सर्वांना विनंती आहे.

॥ रामकृष्णहरी ॥