ब्रेकच्या नळीचा दोष आणि गाडी परत बोलावण्याचा कायदा

मालाची ने-आण मोटारीने करणाऱ्या व्यापाऱ्यास इंजिन, टायर आणि विमा यांची जेवढी माहिती असते, तेवढी ब्रेकच्या नळीची नसते. ही नळी गाडीच्या पोटाखालून जाते, करंगळीहूनही बारीक असते, आणि बिघडेपर्यंत तिचे नाव कोणी काढीत नाही. असे असले तरी याच नळीपायी परदेशात लाखो गाड्या कारखानदारास परत बोलवाव्या लागल्या, आणि 'दोष' कशास म्हणावे व 'झीज' कशास म्हणावे, हा प्रश्न त्यातून उभा राहिला. मालाच्या गुणदोषांवरून रोज बोलाचाली करणाऱ्या आपल्या वर्गास हा प्रश्न परका नाही. म्हणून त्याचा येथे काहीशा विस्ताराने परामर्श घेतला आहे.

प्रथम यंत्राची रचना पाहू. बंदिस्त द्रवावर एका ठिकाणी दाब दिला असता तो सर्वत्र सारखा पोहोचतो, हा नियम पास्काल या फ्रेंच शास्त्रज्ञाने सतराव्या शतकात मांडला. मोटारीचे ब्रेक याच नियमावर चालतात. चालकाने पायपट्टी दाबली की मास्टर सिलिंडरमधील तेलावर दाब पडतो, तो नळ्यांतून चाकांपर्यंत जातो आणि तेथे घर्षण करणारे भाग चाकाला आवळतात. तेल दबत नाही, म्हणून पायाचा जोर वाया जात नाही. पण नळीला एक बारीक छिद्र पडले, तर तेल तेथून निसटते आणि पायपट्टी फळीपर्यंत खाली जाते. हे अनुभवलेले चालक म्हणतात की 'पाय रिकामा गेला'.

एक नळी गेली म्हणून चारही चाके सुटू नयेत, यासाठी ब्रेकचे दोन स्वतंत्र भाग करण्याची पद्धत आली. अमेरिकेत मोटारगाड्यांना ती १९६८ पासून सक्तीची आहे. परंतु उरलेल्या अर्ध्या ब्रेकांवर विसंबणाऱ्याने थोडे गणित करून पाहावे. ताशी ७२ किलोमीटर वेगाची गाडी चांगल्या ब्रेकांनी सुमारे २९ मीटरांत थांबते असे धरले, आणि रोधशक्ती निम्मी झाली, तर तिला सुमारे ५७ मीटर लागतील. मधल्या २८ मीटरांत बैलगाडी असेल, शाळेतून परतणारी मुले असतील, किंवा घाटाचे वळण असेल.

नळी बहुधा पोलादी पत्र्याची दुहेरी गुंडाळी करून, सांधा जोडून आणि वरून गंजरोधक लेप देऊन बनवितात. तिला बाहेरून पाणी, चिखल, खडी आणि विशेषतः मीठ यांचा उपद्रव होतो. आतील तेलाचाही एक दुर्गुण आहे. ब्रेकचे प्रचलित तेल हवेतील ओलावा शोषून घेते. डॉट-३ या जातीचे ताजे तेल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळता कामा नये असा दंडक आहे; ओलावा धरलेल्या त्याच तेलासाठी ही मर्यादा १४० अंशांवर येते. चोर्ला किंवा आंबोलीसारखा लांब घाट नुसत्या ब्रेकांवर उतरणाऱ्या गाडीचे तेल तापून त्यात वाफ होते, वाफ मात्र दबते, आणि नळी धड असूनही पाय रिकामा जातो. ज्या गिअरमध्ये चढावे त्याच गिअरमध्ये उतरावे, या जुन्या चालकांच्या सांगण्यामागे हे शास्त्र आहे. जड मालमोटारींत तेलाऐवजी दाबलेली हवा असते. तेथे हवा गळाली तर स्प्रिंगच्या जोराने ब्रेक आपोआप आवळले जातात, अशी आधुनिक रचना आहे. आपल्या पेढ्यांवरील टेंपो, पिकअप आणि घरची मोटार मात्र तेलाच्याच नळीवर चालतात.

आता मूळ विषयाकडे वळू. अमेरिकेच्या थंड प्रांतांत रस्त्यावरील बर्फ वितळावे म्हणून मीठ टाकतात. ते खारे पाणी गाडीच्या तळाशी उडते. जपानच्या सुबारू कंपनीने २०१४ साली तेथील सुमारे ६ लाख ६० हजार गाड्या परत बोलावल्या. पेट्रोलच्या टाकीखालील संरक्षक पत्र्यात एक फट राहिली होती आणि तीतून खारे पाणी नेमके ब्रेकच्या नळ्यांवर पडत होते. लक्षात घेण्याजोगे असे की, ही बोलावणी मीठ वापरणाऱ्या प्रांतांपुरतीच होती. फट सर्व गाड्यांत होती, पण अपाय मिठाच्या संगतीने होत होता.

याच सुमारास जनरल मोटर्सच्या १९९९ ते २००३ या सालांच्या मालमोटारी व मोठ्या गाड्यांबद्दलही तशाच तक्रारी आल्या. अमेरिकेच्या रस्ता-सुरक्षा खात्याने सुमारे ५० लाख गाड्यांची दीर्घ चौकशी केली आणि एप्रिल २०१५ मध्ये ती बंद केली. गाड्या परत बोलावण्याचा हुकूम दिला नाही. खात्याचे म्हणणे असे की, त्या काळातील इतर कंपन्यांच्या गाड्यांतही नळ्या अशाच गंजतात, ही वयोमानाची झीज आहे, मालकांनी गाडीचा तळ धुवावा आणि नळ्या तपासून घ्याव्यात. अनेक मालकांस हा निवाडा रुचला नाही. ब्रेक म्हणजे काही आसनाचे कापड नव्हे, जे वापराने विरले तर विरले, असा त्यांचा युक्तिवाद होता.

आमच्या मते यात दोन्ही बाजूंकडे थोडे वजन आहे. बारा-पंधरा वर्षे खाऱ्या पाण्यात चाललेले पोलाद गंजले, तर कारखानदारास सर्वस्वी बोल लावता येत नाही. परंतु जो भाग सहज दृष्टीस पडत नाही आणि निकामी होताना पूर्वसूचना देईलच असे नाही, तो अधिक टिकाऊ धातूचा करणे कारखानदाराच्याच हाती असते. तांबे-निकेल मिश्रणाच्या नळ्या गंजास पुष्कळ अधिक दाद देत नाहीत, हे ज्ञान नवीन नाही. थोडा पैसा वाचविला गेला आणि त्याचा भार पुढे तिसऱ्या-चौथ्या मालकावर पडला.

परत बोलावण्याचा कायदाही एका दिवसात झालेला नाही. राल्फ नेडर यांच्या १९६५ च्या पुस्तकाने अमेरिकेत मोटारींच्या सदोष रचनेवर मोठे वादळ उठविले, आणि १९६६ साली कायदा होऊन दोष कळविणे कारखानदारास बंधनकारक झाले. गंमत अशी की, दुरुस्ती फुकट करून देण्याचे बंधन आले ते १९७४ च्या सुधारणेने! तोवर दोष कळविला की कायद्याचे काम संपत असे.

आपल्या देशात वाहन उत्पादकांच्या संस्थेने २०१२ साली स्वेच्छेने एक संहिता स्वीकारली. पुढे मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम ११०-अ घालण्यात आले. गाडीतील दोषामुळे पर्यावरणास, चालकास, आतील माणसांस किंवा रस्त्यावरील इतरांस अपाय होण्याचा संभव असेल, तर केंद्र सरकार ती परत घेण्याचा आदेश देऊ शकते. त्यासंबंधीचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. सात वर्षांपर्यंतच्या गाड्या त्यांत येतात आणि दंड १० लाखांपासून १ कोटी रुपयांपर्यंत आहे. मोठ्या कारखान्यास १ कोटी ही रक्कम भारी नव्हे. त्याला खरा धाक आहे तो पतीचा, आणि पत म्हणजे काय ते व्यापाऱ्यास सांगावयास नको. काही मंडळी परत बोलावणी ऐकताच त्या कंपनीस नावे ठेवतात. हे उलट आहे. खराब निघालेली पोती स्वतः होऊन उचलून नेणाऱ्या अडत्याशी आपण पुढेही व्यवहार करतोच. मारुती सुझुकीने २०२२ साली मागील ब्रेकमधील एका पिनच्या संशयावरून ९,९२५ गाड्या तपासणीस बोलावल्या. त्या सर्व ३ ऑगस्ट ते १ सप्टेंबर या अवधीत बनलेल्या होत्या. संशयित माल कोणत्या दिवसांचा, हे ज्याच्या वहीत नोंदलेले असते, त्यालाच अशी नेमकी बोलावणी करता येते.

किनाऱ्यालगत, म्हणजे गोवा व कोकणात, बर्फ नसले तरी खारी हवा आहे. मासळीची वाहतूक करणाऱ्या गाड्यांतून खारे पाणी तळाशी ठिबकत असते. अशा गाडीचा तळ पावसाळ्यानंतर गोड्या पाण्याने धुऊन, गाडी उचलून नळ्या पाहाव्यात. ब्रेकच्या तेलाची पातळी वारंवार खाली जात असेल, तर नुसती भर घालून गाडी रवाना करू नये. बंदिस्त तेल कोठेतरी जात आहे, असाच त्याचा अर्थ बहुधा असतो. ज्या दिवशी माल भरलेला असतो त्याच दिवशी चालक येऊन पायपट्टी खोल जाते असे सांगतो, आणि मुनीम त्यास उद्या पाहू म्हणतो, हे अनेक पेढ्यांवर घडते. पाठविणारा गादीवर असतो आणि घाटात चालक असतो.

कंपनीचे पत्र नोंदणी पुस्तकातील पत्त्यावर जाते. गाडी दोनदा विकली गेली आणि नाव बदलले नाही, तर ते पत्र भलत्याच दारी पडते. म्हणून जुनी गाडी घेताना तिचा १७ अक्षरांचा चॅसिस क्रमांक मागून घ्यावा आणि सौदा पुरा होण्यापूर्वी कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याकडे त्यावर कोणती बोलावणी बाकी आहे काय, याची चौकशी करावी. काम झाले असल्यास त्याची नोंद व तारीख कागदावर घ्यावी, आणि तो कागद विम्याच्या कागदांबरोबर गाडीतच ठेवावा.