शिबिराची शिदोरी

पांझरा नदीच्या दक्षिण तीरावर धुळे शहराचा जुना भाग वसला आहे आणि उत्तर तीरावर देवपूर. वार्षिक परीक्षा संपल्या, की देवपुरातील शाळा सुन्या होतात. नदीच्या पात्रात पाण्यापेक्षा वाळूच अधिक दिसू लागते. दुपारी रस्त्यावर चिटपाखरूही नसते. कोणी मामाच्या गावी जाते, कोणी कैऱ्यांच्या मागे लागते. काही घरांत मात्र निराळीच गडबड चालू असते. त्या घरांतील मुलांना बालवीर पथकाच्या शिबिराला जायचे असते. स्काउट व गाइड हे शब्द आज सर्वांच्या परिचयाचे झाले आहेत. मराठीत त्यांना बालवीर आणि वीरबाला असे म्हणत आले आहेत.

असेच एक घर डोळ्यांसमोर आणावे. सहावीत शिकणारा मुलगा प्रथमच सात दिवस घराबाहेर राहणार आहे. आजी दुधात पीठ मळून दशम्या लाटीत आहे. कारण दशमी प्रवासात लवकर खराब होत नाही, हे खानदेशातील प्रत्येक आजीला ठाऊक असते. आई कपड्यांच्या घड्या घालीत आहे. वडील वळकटी आवळून बांधीत आहेत. थोरली बहीण थाळीवर व पेल्यावर भावाचे नाव घालीत आहे. आणि तो मुलगा? तो अंगणात मित्रांबरोबर गोट्या खेळत आहे! सारे घर शिबिराच्या तयारीला लागले आहे. तयार होत नाही तो फक्त शिबिराला जाणारा मुलगा.

या तयारीचा परिणाम पहिल्याच रात्री दिसून येतो. पंचा पिशवीत कोठे ठेवला आहे, हे आईला ठाऊक. मुलाला ठाऊक नाही. वडिलांनी मारलेली गाठ त्याला सुटत नाही. सुटली, तर सकाळी पुन्हा बांधता येत नाही. जेवण झाल्यावर आपली थाळी आपणच घासायची असते, हे पाहून तो गोंधळतो. अंधार पडतो, तंबूबाहेर रातकिडे ओरडू लागतात आणि त्याला एकदम घर आठवते. घरच्यांनी त्याच्यावर माया केली, यात संशय नाही. परंतु त्या मायेने पिशवी भरली. हात मात्र रिकामेच राहिले.

ही गोष्ट बालवीर चळवळीच्या मुळाशी आहे. १९०७ सालच्या ऑगस्ट महिन्यात रॉबर्ट बेडन-पॉवेल या सेनाधिकाऱ्याने इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळील ब्राउन्सी बेटावर सुमारे वीस मुलांचे एक शिबिर भरविले. तेही आठवड्याचेच होते. काही मुले श्रीमंतांच्या शाळांतील होती, तर काही जवळच्या गावांतील साध्या घरांतून आलेली होती. त्याने त्यांच्या चार टोळ्या केल्या आणि प्रत्येक टोळीत दोन्ही प्रकारची मुले मिसळली. मुले तंबूत राहिली. गाठी मारणे, माग काढणे अशा परीक्षा उतरल्यावर त्यांना एक बिल्ला मिळाला. त्यावरील शब्दांचा अर्थ होता, ‘तयार राहा.’ पुढच्याच वर्षी, १९०८ साली, बेडन-पॉवेलचे ‘स्काउटिंग फॉर बॉइज’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले आणि ही चळवळ देशोदेशी पसरली.

भारतात १९०९ साली पहिले पथक निघाले. परंतु आरंभी त्यात भारतीय मुलांना प्रवेश नव्हता. आपल्याच देशात आपल्या मुलांसाठी दार बंद असावे, हे अनेकांच्या मनाला लागले. म्हणून ॲनी बेझंट यांनी १९१६ साली मद्रास येथे, तर पंडित मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू व श्रीराम बाजपेयी यांनी १९१८ साली अलाहाबाद येथे भारतीय मुलांसाठी स्वतंत्र संघटना उभ्या केल्या. स्वातंत्र्यानंतर, ७ नोव्हेंबर १९५० रोजी, निरनिराळ्या संघटना एकत्र येऊन ‘भारत स्काउट्स आणि गाइड्स’ ही संस्था स्थापन झाली. पुढच्या वर्षी मुलींची संघटनाही तीत सामील झाली. आज मुलगा असो की मुलगी, कोणत्याही जातीची वा धर्माची असो, तिला या पथकात समान स्थान आहे.

तर मग शिबिराची खरी तयारी कशी करावी? ती शिबिराच्या आदल्या रात्री नव्हे, तर पंधरा दिवस आधी आणि पिशवीपासून नव्हे, तर हातांपासून सुरू करावी. आपले अंथरूण आपण घालावे व आपणच उचलावे. आपली थाळी घासावी. रोज स्नानानंतर आपला सदरा धुऊन दोरीवर वाळत घालावा. बटाटे सोलणे, तांदूळ निवडणे व खिचडी शिजविणे ही कामे आईजवळ बसून शिकावी. पहिल्या दिवशी खिचडी खाली लागेल, दुसऱ्या दिवशी पाणी जास्त होईल. ती घरच्यांनी हसत खावी. कारण शिबिरात टोळीतील सर्वांना ती हसत खावी लागणार आहे!

दोरीच्या दोन गाठी तरी आधी पक्क्या कराव्या. सारख्या जाडीच्या दोन दोऱ्या जोडावयाच्या असल्या, तर उजवे टोक डाव्यावरून न्यावे आणि मग डावे टोक उजव्यावरून. ही गाठ सपाट बसते. म्हणून जखमेची पट्टीही हिनेच बांधतात. उजवे टोक दोन्ही वेळा वरून नेले, तर गाठ सरकते आणि फसते. दुसरी गाठ खुंट्याला दोरी बांधण्याची. शेतकऱ्याच्या मुलाने गोठ्यात दावे बांधताना ती पाहिलेली असते. शहरातील मुलाने ती त्याच्याकडून शिकावी.

सामान थोडे व उपयोगी असावे. गणवेश, कपड्यांचे दोन जादा जोड, सतरंजी, चादर, पंचा, थाळी, वाटी, पेला, पाण्याची बाटली, टोपी, विजेरी, सुई-दोरा, दोरी, वही आणि पेन्सिल एवढे सामान आठवड्याला पुष्कळ होते. प्रत्येक वस्तू मुलाने स्वतः पिशवीत ठेवावी आणि कोणती वस्तू कोठे आहे, हे दिव्याशिवाय हाताने शोधून पाहावे. पिशवी जड झाली की नाही, हे ओळखण्याचीही एक सोपी रीत आहे. सकाळच्या वेळी ती पाठीवर घेऊन देवपुरातून पांझरेच्या पुलावरून धुळ्यात जावे व परत यावे. वाटेत ती कोणाच्या हाती द्यावीशी वाटली, तर घरी येऊन निम्मे सामान काढावे.

खानदेशच्या उन्हाची गोष्ट वेगळी. मे महिन्यात येथे पारा अनेकदा ४२ अंशांच्या वर जातो. धुळ्यापासून सुमारे १० किलोमीटरवर लळिंगचा किल्ला आहे. तेथे चढावयाचे असले, तर उजाडताच निघावे आणि ऊन तापण्यापूर्वी खाली यावे. तहान लागण्याची वाट न पाहता थोडे थोडे पाणी पीत राहावे. जुलाब झाल्यास एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ घालून ते पाणी घोट घोट द्यावे. उन्हात कोणाला चक्कर आली, अंग फार तापले किंवा तो असंबद्ध बोलू लागला, तर त्यास तत्काळ सावलीत न्यावे, अंगावर पाणी शिंपडून वारा घालावा आणि डॉक्टरांकडे पोहोचवावे.

दगडगोटे आणि सुके गवत यांत विंचू असतात. म्हणून जोडे पायात घालण्यापूर्वी उलटे करून झटकावे, अंथरूण झाडून घ्यावे आणि रात्री विजेरीशिवाय बाहेर पडू नये. विंचवाच्या दंशाने एके काळी महाराष्ट्रात अनेकांचे, विशेषतः मुलांचे, प्राण जात. महाडचे डॉक्टर हिंमतराव बावस्कर यांनी खेड्यातील रुग्णांची रात्रंदिवस शुश्रूषा करून योग्य औषधोपचार शोधला, तेव्हापासून असंख्य प्राण वाचले. परंतु रुग्ण वेळेवर दवाखान्यात पोहोचला, तरच औषधाचा उपयोग. विंचू किंवा साप चावल्यास मंत्र-तंत्रात वेळ दवडू नये. जखम कापू नये, चोखू नये. दंशाची जागा हलू न देता धीराने रुग्णालय गाठावे.

येथे घरच्यांचे एक कर्तव्य आहे. मुलाला दमा असेल, एखादे औषध किंवा अन्न सोसत नसेल, पोहता येत नसेल, रात्री झोपेत त्रास होत असेल, तर ते पथकनायकाला आधीच सांगावे. ते लपविण्यात लाज राखली जात नाही. उलट मूल एकटे पडते. पथकनायक ही गोष्ट आपल्यापाशीच ठेवतो व गुपचूप मदत करतो.

सर्वांत कठीण तयारी मनाची. निघण्याच्या आदल्या रात्री तो मुलगा हळूच विचारतो, “आई, तिथे मला करमलं नाही तर?” अशा वेळी आईच्या ओठांवर येते, “मग आम्ही लगेच तुला घेऊन येऊ.” हे बोल प्रेमाचे खरे, परंतु मुलगा त्यातून एवढेच ऐकतो, की आपल्याला हे जमणार नाही, असे आईलाही वाटते. मग पहिल्या संध्याकाळपासून तो घरच्या वाटेकडे डोळे लावून बसतो. शहाणी आई म्हणते, “घर आठवेल, बाळ. मलाही तुझी आठवण येईल. आठवण आली, की टोळीनायकाला सांग, काहीतरी कामाला लाग. शनिवारी आपण भेटणारच आहोत.” घर आठवणे हा दुबळेपणा नव्हे. ज्याचे घर प्रेमळ, त्याला ते आठवणारच. शिबिरापूर्वी एक-दोन रात्री मावशीकडे किंवा मित्राकडे राहून पाहिले, तर ही आठवण सोसण्याची सवय होते. मोबाइलवर रोज आवाज ऐकल्याने मात्र पुष्कळदा ती अधिकच दाटून येते. त्यापेक्षा वहीत रोज चार ओळी लिहाव्या आणि घरी आल्यावर वाचून दाखवाव्या.

घरच्यांनी कामे शिकवावी कशी, याचा धडा खानदेशातच मिळतो. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये १९२४ ते १९३० या काळात साने गुरुजी शिक्षक होते व छात्रालयाची व्यवस्थाही ते पाहत. मुलांच्या अस्ताव्यस्त खोल्या पाहून ते रागावत नसत. मुले शाळेत गेली, की गुरुजी स्वतः खोल्या झाडीत, कपड्यांच्या घड्या घालून ठेवीत. गुरुजींचे हात आपला केर काढतात, हे कळल्यावर मुले मनातून ओशाळली आणि आपली कामे आपण करू लागली. धाकाने न झालेले काम प्रेमाने झाले. परंतु ते प्रेम मुलांना आयते बसवून ठेवणारे नव्हते, उठून उभे करणारे होते.

शिबिरात जेवणाच्या पहिल्या पंगतीला सर्वांच्या पिशव्यांतील खाऊ एकत्र होतो. देवपुरातील दशम्या, साक्रीकडील मुलाने आणलेल्या भाकरी, कोणाची शेंगदाण्याची चटणी, कोणाचे लाडू. ज्याचा खाऊ त्याने एकट्याने खाण्याची तेथे रीत नाही. डोंगराकडील पाड्यावरून आलेला मुलगा वाऱ्यातही चूल पेटवून दाखवितो. शहरातील मुलगा त्याला नकाशावरील खुणा समजावून देतो. कोण कोणाच्या हातचे खातो, हा प्रश्न तेथे उठतच नाही. कारण खिचडी सर्वांच्या हातची असते.

सात दिवस सरतात. शनिवारी सायंकाळी तो मुलगा उन्हाने काळवंडून घरी येतो. आई पुढे होऊन वळकटीला हात घालते. तो म्हणतो, “राहू दे, आई. ती माझ्या जागी मीच ठेवतो.” रात्री जेवण झाल्यावर तो आपली थाळी उचलतो आणि जाता जाता आजीचीही उचलतो. त्या दिवशी आजीला कळून चुकते, की नातवाबरोबर पाठविलेल्या दशम्या पहिल्याच पंगतीला संपल्या. पण पंधरा दिवस घरात शिकलेली शिदोरी संपली नाही. ती वाढूनच परत आली.

अभ्यास

१. ‘मायेने पिशवी भरली, हात मात्र रिकामेच राहिले’ असे का म्हटले आहे?
२. भारतीय मुलांसाठी स्वतंत्र बालवीर संघटना का काढाव्या लागल्या?
३. आईने मुलाला निघण्यापूर्वी काय सांगावे? त्याचे कारण लिहा.
४. साने गुरुजींनी छात्रालयातील मुलांना स्वावलंबन कसे शिकविले?
५. पाठाच्या शेवटी कोणती शिदोरी ‘वाढून परत आली’?
६. पुढील शब्द वाक्यांत योजा: वळकटी, दावे, ओशाळणे, चिटपाखरू.
७. तुम्ही घरात करीत नसलेली तीन कामे लिहून काढा. त्यांतील एक आजपासून सुरू करा व आठवड्याने त्याविषयी दहा ओळी लिहा.