सायकलच्या मापाचे कपडे

कोथरूडहून शिवाजीनगरला कामावर मी सायकलने जायला लागले, त्याला आता १८ वर्षं होत आली. जाताना कर्वे रस्त्याचा उतार, येताना तोच चढ, एका वेळचं अंतर साधारण ६ किलोमीटर. ओळखीपाळखीच्या बायका मला हमखास दोन प्रश्न विचारतात. रहदारीची भीती नाही वाटत का, आणि घामेजलेल्या कपड्यांत दिवसभर ऑफिसात कशी बसतेस? पहिल्याचं उत्तर एका बैठकीत देण्यासारखं नाही. दुसऱ्याचं मात्र माझ्या कपाटात आहे, आणि ते सापडायला मला बरीच वर्षं लागली. सायकलसाठी निराळे कपडे, ऑफिसात पोचून बदलायचे निराळे, असं मी सुरुवातीचं सबंध वर्ष केलं. त्या वर्षी सायकल सगळ्यात कमी चालली. रोज सकाळी दुहेरी तयारी करायची म्हटलं की आठवड्यातून दोनदा तरी रिक्षाच बरी वाटायची. घरातून निघताना जे घातलं त्यातच सायकल, त्यातच ऑफिस आणि त्यातच येताना भाजी, असं जमवल्यावर सायकल रोजची झाली. ते जमवताना शिकले ते असं:

१. कपडा उभ्याने घालून पसंत करू नये.

आरशासमोर माणूस ताठ उभा असतो. सायकलवर तो वाकलेला असतो, हात पुढे, गुडघे आळीपाळीने पोटाकडे येत असतात. उभ्याने बेतशीर वाटणारी पँट सीटवर बसलं की मागून खाली सरकते, पुढून पोटाला काचते आणि पावलाशी चार बोटं वर जाते. कुर्त्याची बाही बगलेत ओढते. हे सगळं मला शिवून घरी आणलेल्या कपड्यांनी शिकवलं, म्हणजे पैसे गेल्यावर. नंतर मी आमच्या टेलरकाकांच्या दुकानातच स्टूल मागून घेतलं. त्यावर बसायचं, हँडल धरल्यासारखे हात पुढे करायचे आणि एकेक गुडघा वर उचलून बघायचा. पहिल्यांदा काका म्हणाले, “ताई, फिटिंग उभ्याने बघतात.” मी म्हटलं, “काका, मी दिवसातला एक तास अशीच असते.” त्यांनी कापडावरचा खडू पुसला आणि पँटचं आसन मागून दोन बोटं वाढवलं. पुढची उंची तशीच ठेवली. सगळी मेख त्या दोन बोटांत आहे. कमरेला पुढे पट्टी, मागे इलॅस्टिक आणि मागून उंच आसन, अशा चार पँट त्या वर्षी शिवल्या. तयार कपडे घेतानाही मी ट्रायल रूममध्ये उकिडवी बसते. उकिडवं बसून कुठे तटतटलं नाही, तर सायकलवर तटतटत नाही.

२. लोंबणारं काहीही अंगावर नको.

हे वाचून बाकीचं विसरलात तरी चालेल. सायकल सुरू केल्याच्या तिसऱ्या महिन्यात नळ स्टॉपच्या सिग्नलवर माझी पांढरी मलमलची ओढणी खांद्यावरून घसरून मागच्या चाकात गेली. सिग्नल नुकताच सुटला होता, वेग नव्हता, म्हणून वाचले. ओढणी आऱ्यांमधून हबमध्ये गुंडाळत गेली आणि गळा मागे खेचला गेला. शेजारच्या रिक्षावाल्या दादांनी उतरून सायकल धरली आणि चाक उलटं फिरवून कापड सैल केलं. मानेवरचा लाल वळ आठ दिवस टिकला. त्या दिवसापासून ओढणी पिशवीत जाते. घ्यायचीच असली तर खांद्यावरून तिरकी घेऊन कमरेला गाठ मारते आणि टोकं खोचून टाकते. पिन लावून भागत नाही, कारण पिन कापडासकट ओढली जाते.

कुर्ता गुडघ्याच्या वर, दोन्ही बाजूंना कमरेपर्यंत कट असलेला. लांब कुर्त्याचा मागचा पट्टा सीटच्या मागून लोंबतो आणि चाकाला किंवा ब्रेकला लागतो. घेरदार पटियाला आणि पलाझो सायकलवर धोक्याचे. पावलाकडे निमुळती होत जाणारी पँट सगळ्यात चांगली.

चेन उजवीकडे असते, त्यामुळे उजवा पाय जपायचा. जुन्या सायकलींना अख्खं चेनकव्हर आणि लेडीज सायकलला मागच्या चाकावर साडीगार्ड असायचं. गिअरच्या सायकली आल्या आणि ही दोन्ही गेली. म्हणून पूर्वीचे कारकून पँटला लावत त्या पोलादी क्लिपांची गरज आज उलट जास्त आहे. मी क्लिपऐवजी चकाकणारी पट्टी वापरते, दोन्ही घोट्यांना. अंधारात मागून येणाऱ्या गाडीचा प्रकाश ती थेट त्या गाडीकडे परत टाकते. घोटे वरखाली होत असल्याने पट्टीही हलते, आणि हलणाऱ्या त्या दोन ठिपक्यांवरून चालकाला पुढे सायकलवर माणूस आहे हे लांबूनच उमगतं. झगझगीत पिवळं जाकीट दिवसा उपयोगी, रात्री त्याचा तो रंग चमकत नाही. रात्री काम करते ती परावर्तक पट्टी. संध्याकाळी उशिरा परतणाऱ्या प्रत्येकीला मी हे कळकळीने सांगते.

३. शिवण कुठे येते ते हाताने चाचपून बघावं.

जीन्सच्या चार जाड शिवणी जिथे एकत्र येतात, नेमकी तिथेच आपली सीट असते. सहा किलोमीटरला ते सोसतं. पण एकदा मी मैत्रिणींबरोबर पुण्याहून लोणावळ्याला जीन्समध्ये गेले. साठेक किलोमीटरचं अंतर. देहूरोडच्या पुढे बसवेना आणि परत येताना सायकल टेम्पोत घालावी लागली. पुढचे चार दिवस चालतानाही त्रास होत होता. त्यावर उपाय दोन. रोजच्या पँटला टेलरकडून मांड्यांच्या जोडावर एक चौकोनी तुकडा घालून घ्यावा, म्हणजे चारही शिवणी एका बिंदूवर येत नाहीत. पायही मोकळे हलतात. आणि लांबच्या फेरीला पॅडवाली सायकल शॉर्ट घालावी. हवी तर वरून सैल पँट. ती शॉर्ट आत दुसरं काही न घालता वापरायची असते. पहिल्यांदा मी संकोचाने आत चड्डी घातली आणि पॅडचा सगळा फायदा घालवला, कारण घासते ती चड्डीचीच शिवण. एकदा वापरली की धुवायचीच, कितीही कंटाळा आला तरी.

आतल्या कपड्यांबद्दल आपण बोलत नाही, पण दुखणं तिथूनच सुरू होतं. सुती, कडेला लेस नसलेले, मापाला नीट बसणारे असावेत. सैल असले की चुणी पडते आणि चुणी घासते. पाळीच्या दिवसांत जाड पॅडच्या कडा मांडीला कापतात. त्या दिवसांत मी सायकल सोडत नाही, पण आत मऊ होजियरीची अर्धी चड्डी घालते. तरुण मुलींना हे कुणीतरी सांगायला हवं, म्हणून लिहिलं.

४. आईची साडी.

हा धडा माझा नाही, आईचा. सत्तरच्या दशकात ती सदाशिव पेठेतून पाचवारी साडीत सायकलने नोकरीला जायची. निऱ्या थोड्या वर खोचायच्या, पदर घट्ट पिन करून पुढे घेऊन कमरेला खोवायचा, परकर कमी घेराचा आणि सुती, कारण सॅटिनचा परकर सीटवरून घसरतो. एवढं ती अजूनही बोटांवर मोजून सांगते. तिची आत्या नऊवारी नेसायची. कासोटा घातला की दोन पाय वेगळे, मांडी मोकळी. आई म्हणते, “पाचवारीपेक्षा आत्याचं लुगडंच सायकलला सोयीचं होतं गं.” मला ते पटतं. इंग्लंडात बायकांना दोन पायांच्या कपड्यासाठी भांडावं लागलं. १८८१ मध्ये लंडनला स्त्रियांच्या सोयीच्या पोशाखासाठी एक संस्थाच निघाली होती. तिच्या पुढारी लेडी हार्बर्टन १८९८ मध्ये सायकलवरून सरे परगण्यातल्या एका हॉटेलात गेल्या. सायकलसाठीची सैल विजार घातली म्हणून त्यांना कॉफीच्या दालनात बसू दिलं नाही. सायकलस्वारांच्या क्लबाने खटला भरला, तो पुढच्या वर्षी हरला. हे वाचलं तेव्हा मला आत्याचा कासोटा आठवला. आपल्याकडे ती सोय बायकांच्या अंगावर आधीपासून होती, आणि आपणच ती जुनाट म्हणून ठेवून दिली.

५. घाम येणारच, तो वाळणारं कापड निवडावं.

सायकल चालवताना शरीर जेवढी ऊर्जा खर्चतं, त्यातली साधारण पाव, कधी त्याहूनही कमी, पायडलवर पोचते. बाकीची सगळी उष्णता होते. ती बाहेर पडायला घाम हवा, आणि घाम नुसता येऊन उपयोग नाही, त्याची वाफ झाली तरच अंग निवतं. पुण्याची एप्रिल-मेची हवा कडक पण कोरडी, त्यामुळे इथे पातळ सुती कापडासारखं दुसरं नाही. मलमल, पातळ खादी, परवडलं तर लिनन. सैल असावं, अंगाला चिकटू नये, म्हणजे आतून वारा खेळतो. मुंबईच्या दमट हवेत तेच सुती कापड ओलं होऊन ओलंच राहतं. दादरला बहिणीकडे महिनाभर राहिले तेव्हा हे कळलं. पॉलिस्टर स्वतः पाणी जवळजवळ शोषत नाही, म्हणून चटकन वाळतं, पण त्याला वास धरतो आणि तो दुपारपर्यंत ऑफिसात जाणवतो. म्हणून ते मी फक्त रविवारच्या फेरीला घालते.

रंगांचंही बघावं. करडा आणि आकाशी हे घाम सगळ्यात जास्त दाखवणारे. पांढरा, गडद निळा किंवा बारीक छापाचा कुर्ता घाम लपवतो. बाह्या लांब असाव्यात. उन्हाळ्यात पूर्ण बाही उकडेल असं वाटतं, प्रत्यक्षात ऊन थेट कातडीवर न पडल्याने बरं वाटतं. पुण्याच्या स्कूटरवरच्या मुलींचे सनकोट आणि तोंडाला गुंडाळलेले स्कार्फ यांचा उपयोग मी नाकारत नाही. पण पायडल मारताना तोंड बांधलं की दम कोंडतो. मी फक्त मान झाकते.

आणि पाठीवर सॅक नको. त्याखाली कापड भिजतंच, मग ते कुठलंही असो. ओझं कॅरिअरला बांधलं त्या आठवड्यात माझा अर्धा घाम कमी झाला. ऑफिसात पोचले की दहा मिनिटं पंख्याखाली बसते, ओल्या पंचाने मान आणि तोंड पुसते. खणात एक कुर्ता ठेवलेला असतो, तो वर्षातून चार-पाचदा लागतो.

६. पावसात रेनकोटच्या आतही माणूस भिजतं.

रबरी किंवा प्लॅस्टिकच्या रेनकोटात बाहेरचं पाणी येत नाही, पण घामही जात नाही. येतानाच्या चढावर ते भयंकर होतं. जून ते सप्टेंबर पुण्यात बहुतेक दिवस रिपरिपच असते, आणि रिपरिपीत मी फक्त बगलेत आणि पाठीला झरोके असलेलं पातळ जाकीट घालते, खाली लवकर वाळणारी पातळ पँट. मुसळधार असेल तेव्हा थांबते. दुकानाच्या वळचणीला वीस मिनिटं थांबल्याने माझं आजवर काही बुडालं नाही. पोंचो हवा आत जायला चांगला, पण वाऱ्यात त्याचं शीड होतं. उड्डाणपुलावर एकदा त्याने मला कडेला ढकललं, तेव्हापासून वापरत नाही. टोपीचं म्हणाल तर मान वळवली की रेनकोटची टोपी तशीच राहते आणि मागचं दिसत नाही. पावसाळ्यातला सगळ्यात महत्त्वाचा कपडा मात्र मडगार्ड. तो नसला की पाठीवर चिखलाची उभी रेघ उमटते, आणि पांढऱ्या सुती कापडावरून ती मी अजून पूर्ण घालवू शकलेले नाही.

७. थंडीत निघताना थोडं गारठायला हवं.

घराच्या दारात ऊब वाटली तर नळ स्टॉपपर्यंत उकडतं. एक जाड स्वेटर घालण्यापेक्षा दोन पातळ थर, वरच्याला पुढून चेन. कान आणि बोटं झाकली की बाकी अंग आपोआप तापतं.

८. पायात मऊ तळव्याचं काही नको.

पायडल चवड्याने मारायचं असतं. पातळ चपलेत चवडा दुखतो, कोल्हापुरी पावसात सटकते. मागे पट्टा असलेली, कडक तळव्याची सँडल पुरते.

९. सीटवर कापड विरतंच.

पँट आधी जाते ती बुडाला. बाकी नवी असते आणि तिथे उजेड दिसायला लागतो. आता टेलरकाका शिवतानाच आतून त्याच कापडाचा दुहेरी तुकडा लावतात, त्याने एक पँट तीन-साडेतीन वर्षं जाते. तुकड्याच्या कडा गोल कापायला सांगाव्यात, चौकोनी कोपरे टोचतात. अगदीच विरलेली सुती पँट फाडून पुसायची फडकी होतात. चेन पुसायला मात्र मलमल उत्तम, दुव्यांमध्ये जाते आणि धागे सोडत नाही. ती पांढरी ओढणी नळ स्टॉपवर जिथे फाटली तिथूनच मी तिचे चार तुकडे केले. त्यातला शेवटचा, तेलाने काळा झालेला, अजून सीटखालच्या पिशवीत आहे.